पावडरचे दिवस

आमच्या घरी थालीपिठाची भाजणी ज्या डब्यात राहते, त्या डब्यावर एक उघडाबंब माणूस आहे. काळा, मोठ्ठा, फिरकीच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आणि त्यावर दंड फुगवून उभा राहिलेला तो. फोटो मानेपर्यंतच असल्यामुळे त्याला डोकं नाही. घरी कुणी पाहुणी आली आणि मदत करायला म्हणून स्वयंपाकघरात शिरली, की फडताळ उघडल्या उघडल्या ओरडते, "अगं बाई, हे काय गं?" मी म्हणते, "भाजणी." मग ती हसते, मीही हसते, आणि थालीपिठं लागतात. डबा हवाबंद आहे, किडे होत नाहीत, आणि चांगला डबा टाकायचा नाही हे मला माझ्या आईनं शिकवलंय. लोकांना मी एवढंच सांगते. पण डबा मी टाकत नाही याचं कारण ते नाही.

तर आम्ही बडोद्याचे. आजोबांच्या वेळेपासून इथलेच. घरात मराठी, घराबाहेर गुजराती, आणि भांडताना दोन्ही. मी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर, हे मुलं सांगतील, नवरा तर सांगेलच. तो एका मोठ्या कारखान्यात पॅनल ऑपरेटर आहे, म्हणजे एका खोलीत बसून पडद्यांवर सगळ्या कारखान्याचा ताप आणि दाब बघत राहायचं. काम तीन पाळ्यांत चालतं. सकाळची, दुपारची आणि रात्रीची. गोरव्याच्या पुढे आमची सोसायटी आहे आणि तिथे आम्ही दोघं आणि माझे सासरे राहतो. सासरे व्यायामशिक्षक होते. तरुणपणी शहरातल्या जुन्या तालमीत मल्लखांब करायचे, आणि आजही बसल्या जागी कुणाचीही पाठ वाकलेली दिसली तर गप्प बसत नाहीत.

मला मूल हवं होतं. हे मी आता सरळ सांगून टाकते, कारण त्या दिवसांत मी हे वाक्य कधी असं सरळ बोललेच नाही. "बघू", "होईल तेव्हा होईल", "आम्हाला काही घाई नाही", असं काय काय बोलायचे. घाई नाही कसली, कपाळ माझं! शाळेत पालकसभा असली की मी मुलांच्या आयांचे हात बघत बसायचे. कुणाच्या बोटाला शाई, कुणाच्या मनगटाला मुलीचं रबर. मलाही माझ्या मनगटावर कुणाचं तरी रबर हवं होतं. आणि नवऱ्याला माझ्याहून जास्त हवं होतं. उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर पतंग उडवताना फिरकी मीच धरायची. तो ढील देता देता मागे बघायचा, मी दिसायचे, आणि "छान धरलीस हं" म्हणायचा. शेजारच्या गच्चीवर एवढ्या एवढ्या पोरी बापाची फिरकी धरून उभ्या असायच्या. तो तिकडे बघायचा नाही. न बघण्यासाठी त्याला किती जोर लावावा लागतोय हे मला पाठीमागून दिसायचं.

आता आपल्याकडची रीत अशी की तपासणी आधी बाईची. माझी झाली. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, रंग सोडून काढायचा तो एक्स-रे झाला, ज्यात जीव जातो की काय असं वाटतं. सगळं ठीक निघालं. मग डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता तुमचं." त्याच्या वीर्याची तपासणी झाली. ती बरी होती, उड्या माराव्यात अशी नव्हती पण रडावं अशीही नव्हती. त्याबरोबर त्यांनी हार्मोनची एक चाचणी लिहून दिली. टेस्टोस्टेरॉन. "सकाळी, उपाशीपोटी," असं बजावून सांगितलं.

इथे एक सांगायला हवं. पाळीवाल्या घरांत सकाळ या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. नवरा रात्रपाळीला असला की सकाळी सातला घरी येतो, पोळी-भाजी-वरण-भात असं पूर्ण जेवतो, पडदे ओढतो आणि झोपतो. तेव्हा मी त्याच्या शेजारी चहा घेत असते. माझा दिवस सुरू होतो आणि त्याची रात्र. लग्न झाल्यावर मला वर्षभर हे विचित्र वाटायचं, नंतर सवय झाली. सवय इतकी झाली की त्यात विचित्र काही आहे हेच आम्ही विसरलो.

तर कंपनीची बस सकाळी त्याला नाक्यावर सोडते, आणि नाक्यावरच लॅब आहे. नवऱ्यानं हिशेब केला. रात्रपाळी संपवून उतरायचं, मधल्या वेळचा कँटीनचा नाश्ता खायचा नाही, म्हणजे पोट उपाशीच. लॅब उघडली की पहिला नंबर. वेगळी रजा नको, झोपमोड नको. मी म्हटलं, "वा! डोकं आहे हं तुला." लॅबमधल्या मुलीनं विचारलं, उपाशी आहात ना? हा म्हणाला, हो. तिनं रक्त काढलं. हा घरी आला, जेवला, आणि दंडाला कापूस चिकटलेला तसाच झोपला. त्या सबंध प्रकारात आम्हाला कुठेही काही चुकतंय असं वाटलं नाही. त्याची सकाळच ती.

रिपोर्टमध्ये आकडा कमी आला. फार नाही, पण छापील मर्यादेच्या खाली, आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरात खूण. डॉक्टरीणबाई गर्दीत होत्या, म्हणाल्या, "थोडं कमी आहे. वजन उतरवा, पुन्हा करून बघू." नवऱ्यानं त्यातलं फक्त 'कमी' ऐकलं. घरी येताना स्कूटर तोच चालवत होता. सिग्नलला मागून हॉर्न वाजवत होते तरी हा उभाच. मी पाठीवर थाप मारली तेव्हा हलला.

घरी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "काही नाही, व्यायाम करायला सांगितलाय." ते खूश झाले. म्हणाले, "मी वीस वर्षं हेच सांगतोय." नवरा आतल्या खोलीत जाऊन आरशासमोर उभा राहिला होता. तालमीत वाढलेल्या माणसाचा मुलगा तो. लहानपणी बाबांच्या खांद्यावर उभं राहून त्यानं टाळ्या घेतल्या होत्या. आणि आता एका कागदानं त्याला सांगितलं होतं की तू पुरुष म्हणून थोडा कमी आहेस. कागदानं असं म्हटलंच नव्हतं. पण त्यानं ते तसं वाचलं, आणि मी कितीही समजावलं तरी ते पुसलं जाईना.

मग एका सुट्टीच्या दिवशी तो लहरीपुऱ्याच्या बाजारात गेला आणि तो डबा घेऊन आला. डोकं नसलेला माणूस असलेला. बरोबर एक शेकर, म्हणजे झाकणाचा उंच प्याला, आत तारेचा एक गोळा. पाण्यात पावडर घालायची, झाकण लावायचं आणि हलवायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

"हे काय?" मी विचारलं.

"अमिनो ॲसिड आहे. हार्मोन वाढतं. नैसर्गिक आहे."

"अरे, अमिनो ॲसिड वरणात पण असतं. मी रोज घालते तुझ्या पानात."

"हे वेगळं आहे," तो म्हणाला, आणि शेकर हलवायला लागला. खडखड, खडखड, खडखड. स्वयंपाकघरात संत्र्याच्या गोळ्यांचा वास सुटला. सासरे पेपर खाली करून म्हणाले, "डब्यातली ताकद! आम्ही बदाम भिजवायचो." नवऱ्यानं एका दमात प्याला रिकामा केला, मिशीवरचा फेस पुसला, आणि कित्येक दिवसांनी माझ्याकडे बघून हसला.

ते हसू बघून मी गप्प बसले. पण माझा स्वभाव! गप्प तरी किती वेळ बसणार? मी डबा उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. त्यात मुख्य होतं ते डी-ॲस्पार्टिक ॲसिड. आता गंमत अशी की तोच धडा त्या आठवड्यात मी बारावीला शिकवत होते. अमिनो आम्लांचे दोन प्रकार असतात, एल आणि डी. आपले दोन हात कसे, दिसायला सारखे पण उजव्याचा हातमोजा डाव्याला बसत नाही, तसे. आपल्या शरीरातली प्रथिनं सगळी एल प्रकाराची बनलेली. डीचं काम क्वचितच. पण ॲस्पार्टिकचा हा डी भाऊ मात्र मेंदूतल्या ग्रंथीत आणि पुरुषाच्या वृषणात सापडतो, आणि तिथे हार्मोन बनवण्याच्या कामात त्याचा हात असावा असं उंदरांवरून दिसतं. म्हणजे दुकानदारानं अगदी हवेत बाण मारलेला नव्हता. फळ्यावर त्याची आकृती काढताना माझा हात थांबला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅम, ये एग्झाम में आएगा?" मी म्हटलं, "हो, येणार," आणि पुढचा सबंध तास त्यांच्यावर राग काढला.

मग मी वाचायला बसले. दुपारी, शाळेतून आल्यावर, तो सकाळपाळीहून परतायच्या आधी. वाचता येतं ही माझी एक वाईट खोड आहे. जे मिळालं ते असं होतं. साध्या, व्यायाम न करणाऱ्या थोड्या पुरुषांना हे दिलं तेव्हा थोड्या दिवसांत हार्मोन वाढलेलं दिसलं होतं. त्या एवढ्याशा गोष्टीवर सगळी दुकानं उभी. पुढे व्यायाम करणाऱ्या तरुणांना दिलं तेव्हा काही वाढलं नाही. मात्रा वाढवून दिली तेव्हा तर उलट कमी झालेलंही दिसलं. आर्जिनिन म्हणून दुसरं एक असतं, ते रक्तवाहिन्या सैल करण्याच्या कामी येतं, पण त्यानं हे हार्मोन वाढतं याला काही धड पुरावा नाही. व्यायामवाले पितात ती आणखी तीन अमिनो आम्लं, त्यांचंही तेच. विटा कितीही आणून टाका, गवंड्याला जेवढ्या खोल्या बांधायच्या तेवढ्याच तो बांधतो.

एक मात्र होतं जिथे माझा हात थबकला. कार्निटिन. तेही त्याच फळीवर विकतात. त्यानं शुक्राणूंची चाल सुधारते असं काही ठिकाणी दिसलं होतं, काही ठिकाणी दिसलं नव्हतं. अभ्यास लहान, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मी आशेनं पुढे पुढे वाचत गेले, की बाबांनो, मग मुलं झाली का? ते सांगा ना! तर ते बहुतेकांनी नीट मोजलेलंच नव्हतं, आणि जिथे मोजलं तिथे ठाम काही म्हणता येत नव्हतं. त्यांनी शुक्राणू मोजले होते. मला मूल हवं होतं. मी लॅपटॉप बंद केला आणि तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. सासरे बाहेरून म्हणाले, "अगं, दूध उतू जातंय." खरोखरच जात होतं.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. चांगलं समजावून, शिकवते तसं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझं सगळं बरोबर असेल. पण मला बरं वाटतंय."

आणि त्याला बरं वाटत होतं, हे खोटं नव्हतं. तो सकाळ-संध्याकाळ चालायला जायचा. लिफ्ट सोडून जिन्यानं यायचा. भात कमी केला. रविवारी सेव-उसळ आणायला गेला तर सेव कमी टाकायला सांगायचा, आणि दुकानदार त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचा. सगळ्यात मोठं म्हणजे तो बोलायला लागला. मुलीचं नाव काय ठेवायचं, खिडकीजवळची खोली कुणाची, बाबांना घोडा व्हायला जमेल का. शेकर हलवता हलवता बोलायचा. खडखड, खडखड. "मुलगी झाली तर तिला मल्लखांब शिकवायचा हं." खडखड. "पण पोहणं आधी." घर भरल्यासारखं वाटायचं. मी ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटायचे, मनात म्हणायचे, याला काही पुरावा नाही, काहीही पुरावा नाही, आणि ऐकत राहायचे.

डबा संपला. दुसरा आला. तोही संपत आला, तरी माझी पाळी दर महिन्याला वेळेवर. त्या बाबतीत मी घड्याळाच्या वर. न्हाणीघरातून मी बाहेर आले की तो माझ्या तोंडाकडे बघायचा आणि विचारायचा नाही. मग तिसऱ्या डब्यासाठी लहरीपुऱ्याला गेला तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. दुकानदार गोड माणूस. "आवो बेन, आवो," करून खुर्ची दिली. म्हणाला, यात फक्त प्युअर अमिनो आहे, काही नुकसान नाही. आणि मग आवाज खाली आणून नवऱ्याला म्हणाला, "भाई, पावडरथी न थाय तो बीजो रस्तो छे." पावडरनं नाही झालं तर दुसरा रस्ता आहे. इंजेक्शन. सरळ हार्मोनच. जिममधले घेतात.

मी तिथल्या तिथे उभी राहिले. "अरे माणसा!" मी मराठीत ओरडले, मग गुजरातीत, मग त्याचं तोंड बघून हिंदीत. रस्त्यावरच्या बायका थांबल्या. माझं म्हणणं अगदी साधं होतं. बाहेरून ते हार्मोन दिलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आता आपण बनवायला नको. मग वृषणाला जाणारा हुकूम बंद होतो. माणूस दंडानं फुगतो आणि शुक्राणू बनायचे थांबतात. मूल हवं असलेल्या माणसाला हे देणं म्हणजे तहानलेल्याची विहीर बुजवणं. दुकानदार म्हणाला, "बेन, गुस्सो ना करो." नवरा माझा हात धरून मला बाहेर घेऊन आला.

स्कूटरशी येऊन तो म्हणाला, "मी घेणार नव्हतो." किल्ली लावता लावता म्हणाला, "विचार करत होतो." मला इतकी भीती वाटली म्हणून सांगू! हा माणूस मुलासाठीच मुलाचा रस्ता बंद करून बसला असता, आणि तेही हसत हसत. मी म्हटलं, "आता तू माझ्याबरोबर येणार. दुसऱ्या डॉक्टरकडे. आजच्या आज."

आजच्या आज काही झालं नाही, पण त्याच आठवड्यात गेलो. हे हार्मोनचे डॉक्टर होते, उतारवयाचे, सावकाश बोलणारे. रिपोर्ट त्यांनी पाहिला, डब्यांवरची नावं ऐकली, हसले नाहीत. मग नवऱ्याला विचारलं, "रक्त दिलंत त्याच्या आधी किती झोपला होतात?"

नवरा म्हणाला, "झोपलो नव्हतो. रात्रपाळी होती. सुटल्यावर दिलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी नवऱ्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले, हे हार्मोन झोपेत वाढतं. नीट झोपून उठल्यावर सकाळी ते सगळ्यात जास्त असतं, म्हणून तर सकाळी मोजायचं. रात्रभर जागलेल्या माणसाचं मोजून काय कळणार? आणि एकदाच मोजून तर काहीच ठरवायचं नसतं. "सकाळी म्हणजे तुमच्या घड्याळातल्या सकाळी नाही हो," ते म्हणाले, "तुमच्या शरीराच्या." चार दिवस रजा घ्या, रात्री झोपा, पावडर बंद ठेवा, मग उठल्यावर द्या. नंतर पुन्हा एकदा द्या.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमचे वस्ताद मल्लखांबाला हात लावू द्यायच्या आधी विचारायचे, झोप झाली का? नसली तर परत घरी!" मी म्हटलं, "मग बाबा, इतके दिवस तुम्ही का नाही विचारलंत?" तर म्हणाले, "मला काय माहीत रक्तालाही विचारायचं असतं?" खरं होतं त्यांचं. कुणालाच माहीत नव्हतं.

आम्ही डभोईला गेलो, नवऱ्याच्या आत्याकडे. तिथे तो झोपला. असा झोपला की आत्या दोनदा येऊन श्वास बघून गेली. दिवसा उन्हात खाट टाकून बसायचा, संध्याकाळी आम्ही किल्ल्याच्या दरवाजापर्यंत चालत जायचो, आणि दिवेलागणीनंतर थोड्या वेळात त्याचे डोळे मिटायचे. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही इतके दिवस एकाच वेळी झोपत होतो आणि एकाच वेळी उठत होतो. पहाटे मोर ओरडायचे. मी त्याच्याकडे बघत पडून राहायचे. वाटायचं, हा आकडा ठीक येऊ दे. देवा, एवढा एक आकडा ठीक येऊ दे, मग मी तुझ्याकडे दुसरं काही मागणार नाही. अर्थात मागणार होते. दुसरंच तर मागायचं होतं.

परत येऊन रक्त दिलं. मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा दिलं. दोन्ही वेळा आकडा अगदी व्यवस्थित. कुठलीही खूण नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यात काही कमी नाही. पावडर नको, इंजेक्शन तर अजिबात नको, झोप सांभाळा. हार्मोनच्या बाजूनं काही करण्यासारखं नाही." मी आनंदानं त्यांचे हात धरायची बाकी होते. मी जिंकले होते! मी पहिल्यापासून सांगत होते!

खाली आलो. स्कूटरच्या रांगेत नवरा किल्ली हातात घेऊन उभा राहिला. मी बडबडत होते, की आज बाहेर जेवू या, बाबांसाठी इथला तो ओला, बटाट्याचा लीलो चिवडो घेऊन जाऊ या. त्यानं माझ्याकडे बघितलं. लहान पोर हातातली वस्तू काढून घेतल्यावर बघतं ना, तसं. म्हणाला, "मग आता काय घ्यायचं?"

मला आधी कळलंच नाही. "काही घ्यायचं नाही. सगळं ठीक आहे ना!"

"हो. पण मग आता काय घ्यायचं?"

तेव्हा मला कळलं. तो आकडा कमी होता तोपर्यंत मूल न होण्याला एक कारण होतं. आणि कारणाला एक डबा होता, डब्यात एक चमचा होता. रोज सकाळी उठून ते कारण थोडं थोडं भरून काढता येत होतं. आता माझं सगळं ठीक, त्याचं सगळं ठीक, आणि मूल नाही. डॉक्टरीणबाईंनी नंतर या स्थितीला एक नाव सांगितलं, ज्याचा अर्थ एवढाच की कारण सापडत नाही. मी शास्त्र शिकवते. कारण सापडत नाही हे उत्तर मला माझ्या विद्यार्थ्याकडूनही चालत नाही. माझं म्हणणं खरं होतं, पुरावा माझ्या बाजूला होता, आणि त्या पुराव्यानं मी माझ्या नवऱ्याच्या हातातली एकच गोष्ट काढून घेतली होती. काढायला हवी होतीच. तो इंजेक्शनच्या दारापर्यंत पोचला होता, आणि आजही मी तेच करेन. पण त्या स्कूटरच्या रांगेत मला ते जिंकणं नकोसं झालं.

पुढे जे जे करतात ते सगळं आम्ही केलं. त्याची गोष्ट मी सांगणार नाही, ती मोठी आहे आणि दवाखान्यातली आहे. एकदा थोडे दिवस आशा लागली होती, तेही सांगणार नाही. मग एके दिवशी आम्ही दोघांनी थांबायचं ठरवलं. ठरवताना कुणी रडलं नाही. सासरे मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

डबे मी धुऊन ठेवले. एकात भाजणी, दुसऱ्यात रवा. लोक म्हणतात की वाईट दिवस आठवू नयेत. पण मला ते दिवस वाईट म्हणून आठवतच नाहीत, हीच तर पंचाईत आहे. ज्याला काडीचा पुरावा नव्हता त्या पावडरच्या दिवसांत आमच्या घरात मूल होतं. नाव अजून ठरायचं होतं, खोली खिडकीजवळची होती, पोहणं आधी की मल्लखांब आधी यावर वाद चालला होता. मला ते दिवस परत हवेत. संत्र्याचा तो खोटा वास परत हवाय. हे कुणाला सांगायची सोय नाही. रसायनशास्त्राच्या बाईनं तर सांगूच नये.

शेकर मात्र फडताळात मागे राहिला होता. परवा उकडत होतं. नवरा रात्रपाळी करून आला होता आणि आत पडदे ओढून झोपला होता. हल्ली मी त्याच्या झोपेवर पहारा ठेवते. दुपारी घंटा वाजवणाऱ्याची खैर नाही. सासऱ्यांना ताक हवं होतं. रवी धुवायला पडली होती, म्हणून मी शेकर काढला, दही घातलं, पाणी, मीठ, जिरं. झाकण लावलं आणि हलवलं. खडखड, खडखड, खडखड.

आतलं दार उघडलं. नवरा उठून आला होता. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. डोळे अर्धे मिटलेले, पण तोंड अगदी तेव्हासारखं, कुठल्याही क्षणी काहीतरी सांगायला लागेल असं. मी हलवायची थांबले. एवढ्या वर्षांत त्याचं ते तोंड मी पाहिलं नव्हतं.

"ताक आहे," मी म्हटलं.

तो उभा राहिला. शेकरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हो का," म्हणाला. "मला वाटलं..."

"मलाही," मी म्हटलं.

मग त्यानं हात पुढे केला. मी शेकर त्याच्या हातात दिला, आणि झाकण घट्ट आहे का ते बघून तोच पुढे हलवत राहिला, ताक कधीच झालं होतं तरी.